नाशिक शहर पोलीस भरतीची तयारी : या चुका टाळा

पहिली चूक अर्ज भरतानाच होते. नाशिक शहर पोलीस आयुक्तालय आणि नाशिक ग्रामीण पोलीस अधीक्षक कार्यालय हे भरतीसाठी दोन स्वतंत्र घटक असून, शिपाई या एकाच पदासाठी दोन्हीकडे अर्ज केल्यास उमेदवारी बाद होऊ शकते. दिंडोरी किंवा पेठच्या उमेदवाराने ग्रामीणलाच अर्ज केला पाहिजे, असे बंधन नाही. जाहिरातीच्या तक्त्यात आपल्या प्रवर्गाला कोठे किती जागा आहेत, हे पाहूनच घटक निवडावा.

गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे नेटाने धावणारी मुले पाहून आनंद होतो, पण त्यांतील बरीचशी गोळ्याला हातही लावत नाहीत, ही खरी चिंतेची बाब आहे. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्यासाठी 20 गुण, 100 मीटरसाठी 15 गुण आणि गोळाफेकीसाठीही तितकेच 15 गुण असतात. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, तर मुलींचा 4 किलोचा असतो. तो तळहातात न धरता बोटांच्या मुळाशी पेलावा, मानेला टेकवावा आणि पायांचा व कमरेचा जोर लावून पुढे ढकलावा. चेंडूसारखा फेकल्यास खांदा दुखावतो. गोळा सतत जवळच पडत असेल, तर बहुधा कोपर खाली येत असते. मित्राला बाजूने मोबाईलवर चित्रीकरण करायला सांगितले, की दोष लगेच दिसतो. नडगी दुखू लागल्यास डांबरी रस्ता सोडून मातीवर धावावे आणि दुखणे अंगावर काढू नये.

मैदान मारले म्हणजे भरती झालो, हा समज सर्वांत महागात पडतो. मैदानीत किमान 50 टक्के गुण मिळवणाऱ्यांतून गुणवत्तेनुसार एका जागेमागे दहा उमेदवार लेखी परीक्षेला बोलावले जातात आणि ती परीक्षा 100 गुणांची, म्हणजे मैदानाच्या दुप्पट वजनाची असते. वेळ 90 मिनिटांचा असल्याने अंकगणित व बुद्धिमत्ता चाचणीचा सराव घड्याळ लावूनच करावा. मराठी व्याकरण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

कागदपत्रांत नॉन क्रिमिलेयर प्रमाणपत्राची मुदत आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आधी तपासावे. लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवारांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत तयार ठेवावी.

2027 च्या सिंहस्थाचे निमित्त सांगून कोणी जागा मिळवून देण्यासाठी पैसे मागितले, तर ते मुळीच देऊ नयेत. आज निवडलेला शिपाईच पुढे हवालदार आणि सहायक उपनिरीक्षक म्हणून या शहराच्या ठाण्यांत काम करणार असतो, त्यामुळे पैसे देऊन घेतलेल्या जागेची किंमत सामान्य नाशिककर वर्षानुवर्षे मोजतो. मागणी करणारा सरकारी नोकर असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर तक्रार करावी. वेळ किंवा अंतर चुकीचे नोंदले गेले असे वाटल्यास घरी जाऊन हळहळण्याऐवजी, छाती क्रमांक लिहून मैदान सोडण्यापूर्वीच तेथील अधिकाऱ्यांकडे लेखी आक्षेप द्यावा.