जुना लेथ घरी आणलाय? आधी बेडचा पीळ काढा, मग बाकीचं

आत्तापर्यंत घरच्या शेडमध्ये तीन जुने लेथ (जॉब फिरवून टूलने कापणारी यंत्रं) उभे केलेत, तिन्ही साडेचार फुटी बेडचे (बेड म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसतं तो लांब तळ), कोन पुलीवर म्हणजे पायऱ्यांच्या पुलीवर चपट्या पट्ट्याने चालणारे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे लेथ एकेकाळी गल्लोगल्ली दिसायचे, आता किलोच्या भावाने भंगारात जातात आणि ते बघून खरंच जीव तुटतो, कारण बहुतेकांचं बीड (ओतीव लोखंड) अजून शंभर वर्षं टिकेल असं असतं. नीट लावला तर असा लेथ घरच्या कामाला कधीच कमी पडत नाही. पण लावायचा कसा याबद्दल जे सल्ले फिरतायत त्यातले निम्मे उलट्या क्रमाचे आहेत, म्हणून हे लिहितोय.

साफसफाईत फार वेळ घालवू नका. रॉकेल, कॉटन वेस्ट, जुना टूथब्रश, खरवडायला ब्लेड, बास. सुट्या भागांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून निघतो, फक्त त्यात स्टेनलेसचा तुकडा प्लस टोकाला लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, साधं लोखंड लावा आणि शेडची दारं उघडी ठेवा. बेडच्या सरकपट्ट्यांना ग्राइंडर लावायचा नाही, फ्लॅप डिस्क नाही, पॉलिश पेपरची चकती पण नाही. चकचकीत दिसतं पण सपाटपणा गेला तो गेला. आणि गॅप बेड (मोठा जॉब बसावा म्हणून काढता येणारा तुकडा असलेला बेड) असेल तर गॅपचा तुकडा काढू नका, कितीही घाण दिसू दे, एकदा काढला की परत जसाच्या तसा बसेल याची खात्री नाही.

मोटर, पट्टा, वायरिंग, स्पिंडलच्या (फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) बुशांना तेल, जिब (सरकत्या भागांचा ढिलेपणा काढणारी पट्टी) घट्ट करणं, हे सगळं तुम्ही कराच. अर्थिंग विसरू नका.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या लेथवर माझा अख्खा पावसाळा इथेच गेला. चकमध्ये (जॉब पकडून फिरवणाऱ्या जबड्यात) धरलेला बार टर्न केला, म्हणजे फिरवत टूलने कापला, की दीडशे मिलिमीटरमध्ये 0.03 मिलिमीटरचा टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) यायचा, टेलस्टॉककडचं (चकच्या समोरच्या आधाराकडचं) टोक जाड. मी काय केलं, हेडस्टॉकचे (ज्यात स्पिंडल आणि चक असतो त्या भागाचे) बोल्ट सैल करून खाली शिम पत्रे (पातळ पत्र्याचे तुकडे) घातले, काढले, परत घातले. एक दिवस टेपर कमी झाला पण जॉबवर चॅटर (थरथरीच्या खुणा) यायला लागला, कारण हेडस्टॉक आता बेडवर पूर्ण टेकतच नव्हता. शेवटी शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे फिटर काका आले, त्यांनी मशीन लेव्हल बेडवर आडवी ठेवली, चककडे बुडबुडा मधोमध, मग तीच लेव्हल टेलस्टॉककडे ठेवली तर बुडबुडा सरकत जाऊन कडेला चिकटला. हेडस्टॉक पहिल्यापासून बरोबर होता. माझ्या कोब्याला उतार होता आणि मी पायांचे चारही बोल्ट दाबून आवळले होते, त्यामुळे बेडलाच पीळ पडला होता. लोकांना वाटतं एवढं जाड बीड काय वाकणार, पण शतांश मिलिमीटरच्या हिशोबात ते सहज पिळतं.

म्हणून हेडस्टॉकला हात लावायचा नाही. बेडचा पीळ शून्य झाल्याशिवाय तर अजिबात नाही.

लेव्हल कुठली घ्यायची? मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणारी मशीन लेव्हल, म्हणजे बुडबुडा एक रेघ सरकला की तेवढा चढ. गवंड्याची लेव्हल इथे काहीच कामाची नाही, मोबाइलची तर सोडाच. विकत घेणं परवडत नसेल तर एखाद्या वर्कशॉपमधून दोन दिवस मागून आणा. आणि एक लक्षात घ्या, लेथ जमिनीशी समांतर असायला हवा असं काही नाही, जहाजावरच्या वर्कशॉपमध्येही लेथ चालतोच. आपल्याला फक्त दोन्ही टोकांना बुडबुडा एकाच जागी हवाय, तो मध्यावर नसला तरी चालेल. त्यामुळे लेव्हल दोन्ही ठिकाणी एकाच दिशेने ठेवा, मध्येच फिरवू नका, काचेजवळ हात धरू नका, हाताच्या उबेनेही बुडबुडा सरकतो. ठेवली की मिनिटभर थांबा आणि मगच वाचा. शक्यतो बेडच्या न झिजलेल्या पट्टीवर ठेवा, सॅडलवर (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागावर) ठेवली तर झीजसुद्धा पीळ म्हणून दिसेल.

पायांचे बोल्ट आधी पूर्ण सैल करा, म्हणजे बेड स्वतःच्या वजनावर बसेल. मग जो पाय हवेत आहे त्याच्याखाली शिम पत्रा, आणि बोल्ट पाव पाव फेरा आवळत प्रत्येक वेळी लेव्हल बघायची. घाई करणारा माणूस इथेच फसतो, लेव्हल बरोबर आली म्हणून जोर लावून शेवटचा फेरा मारतो आणि परत पीळ घालतो. पायाखाली पत्र्यांऐवजी लॉक नटवाले लेव्हलिंग बोल्ट बसवलेत तर फार त्रास वाचेल, तिसऱ्या लेथला मी तेच केलं.

लेव्हलने काम जवळपास होतं, निकाल मात्र कटवरच लागतो. चाळीस मिलिमीटरचा बार घ्या, चकबाहेर दीडशे मिलिमीटर ठेवा, टेलस्टॉकचा आधार अजिबात द्यायचा नाही. मधला भाग टर्न करून खाली घ्या, दोन्ही टोकांना वीसेक मिलिमीटरच्या कॉलर (जाड कडी) राहू द्या. लेथ अर्धा तास चालवून गरम करा, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला ताजी धार, आणि क्रॉस स्लाइडची (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाची) डायल न हलवता दोन्ही कॉलरवर एकच बारीक कट ऑटो फीडवर, म्हणजे टूल यंत्रानेच सरकवत. मग मायक्रोमीटरने मोजा, व्हर्नियर नको. चक किती वाकडा आहे याने इथे फरक पडत नाही, कारण पृष्ठभाग तुमच्याच टूलने तयार झालाय. चकमध्ये चकचकीत रॉड धरून त्याच्यावर डायल गेज फिरवा असं सांगणारे ही गोष्ट विसरतात, त्यात तुम्ही लेथ नाही, चकची चूक मोजत असता.

बाहेरची कॉलर जाड आली तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय, म्हणजे तुम्ही उभे राहता त्या बाजूचा, किंचित उचलायचा. तो उचलला की बेडचं ते टोक मागे कलतं आणि टूल जॉबमध्ये जास्त शिरतं. बारीक आली तर मागचा पाय उचला. माझ्या 0.03 च्या टेपरला साधारण एक दशांश मिलिमीटरचा पत्रा पुरला होता, यावरून अंदाज घ्या. दीडशे मिलिमीटरमध्ये 0.01 च्या आत आलं की थांबा.

कितीही केलं तरी जमत नसेल तर झीज बघा. चकजवळ सॅडलची जिब नीट बसवा आणि सॅडल टेलस्टॉककडे न्या, तिथे जाम झालं तर चकजवळचा बेड झिजलाय. पाय उचलून ते बरं होत नाही, आणि बेड ग्राइंड करून आणलात तर सॅडल खाली बसतं, एप्रन (सॅडलच्या पुढचा गिअरचा भाग) आणि लीडस्क्रू (सॅडल सरकवणारा लांब स्क्रू) यांची जुळणी बिघडते, त्यामुळे तो खर्च नीट विचार करून करा. थोडी झीज असेल तर मी तसाच वापरतो आणि लांब जॉब मोजत मोजत करतो.

टेलस्टॉक सगळ्यात शेवटी. आधी टेलस्टॉक, असं जो सांगतो त्याचं ऐकू नका, पिळलेल्या बेडवर जुळवलेला टेलस्टॉक पीळ काढल्यावर परत चुकतो. दोन सेंटरमध्ये (दोन्ही टोकांच्या अणकुचीदार आधारांमध्ये) अडीचशे मिलिमीटरचा बार धरून तसाच दोन कॉलरचा कट घ्या आणि बाजूच्या स्क्रूने सरकवा. जुन्या टेलस्टॉकचा तळ झिजून सेंटर खाली आलेलं असतं, तेव्हा उंचीही बघा, कमी असेल तर तळ आणि वरच्या भागामध्ये पत्रा घाला.

आठवड्याने लेव्हल परत लावा, महिन्याने अजून एकदा. नवीन जागेवर मशीन बसत जातं, माझा दुसरा लेथ महिन्यात तीन रेघा हलला होता. कुठल्या पायाखाली किती जाडीचा पत्रा आहे ते गिअर कव्हरच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा, म्हणजे लेथ कधी हलवावा लागला तर सुरुवात कुठून करायची ते कळेल.