शिळाछाप पोथ्यांची सचित्र पाने कशी जमवावीत

नागपुरात शिळाछाप, म्हणजे सपाट दगडावरून छापलेल्या पोथ्यांची पाने शोधायची असतील, तर महाल किंवा इतवारीतील एखादे जुने घर रिकामे होताना निघणारी रद्दी कारखान्याकडे जाण्यापूर्वी पाहावी. पोथीची पाने मुळातच सुटी असल्याने ‘हे सुटेच पान आहे’ या विक्रेत्याच्या शब्दाला फारसा अर्थ नसतो. म्हणून समासातील ग्रंथनाम व पत्रांक (पानाचा क्रमांक) पाहून उरलेली पाने त्याच गठ्ठ्यात आहेत का, हे आधी तपासावे. पोथी पूर्ण असेल तर ती संपूर्ण घ्यावी किंवा ग्रंथालयास सुचवावी. केवळ चित्रे मागणारे गिऱ्हाईकच पोथी फोडायला लावते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पान हाती आल्यावर ते तिरप्या उजेडात धरावे. खिळ्यांच्या (धातूच्या सुट्या अक्षरांच्या) किंवा लाकडी ठशांच्या छपाईत दाबामुळे कागदाच्या मागे बहुधा किंचित उठाव जाणवतो; शिळाछापात शाई सपाट दगडावरून उतरत असल्याने तो नसतो. दहापट भिंगातून चित्रात ठिपक्यांची नियमित जाळी दिसली, तर ते अलीकडचे पुनर्मुद्रण समजावे. हाताने भरलेला रंग मात्र अनेकदा रेषेबाहेर गेलेला असतो, आणि मला तोच अधिक आवडतो. काळ ठरवण्यासाठी समाप्तीचे पान मिळवावे, कारण छापखान्याचे नाव व शक बहुधा तेथेच असतात. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे शके 1765 हे साधारणपणे 1843. छपाईची तिथी वर्षाच्या शेवटी, पौष ते फाल्गुनात असल्यास इसवी सन बहुधा एकाने वाढतो.

जपणुकीत खरी अडचण नागपूरच्या उन्हाळ्याची आहे. कोरड्या उष्णतेने कागद ठिसूळ होतो, म्हणून पाने कूलरच्या खोलीत ठेवण्याचा मोह होतो. परंतु त्या ओलाव्याने बुरशी धरते. आतल्या भिंतीलगतच्या कपाटात, आम्लरहित कागदाच्या घडीत पाने आडवी ठेवावीत. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी पूर्णतः टाळावी. कोठून, केव्हा मिळाले याची नोंद मागे समासात मऊ पेन्सिलीने करावी.

शंभर वर्षांहून जुने कलात्मक पान परदेशी संग्राहकास पाठवण्याचा विचार असेल, तर 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीस पुरावशेषांची निर्यात करता येत नाही, हे ध्यानात ठेवून आधी पुरातत्त्व विभागाकडे विचारणा करावी.