वाचायला लावण्याआधीची पंधरा मिनिटं

माझ्या पहिल्या वर्षातली एक झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे. तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला तासिका तत्त्वावर लागले होते. प्रथम वर्ष बी. ए.च्या मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध हातात दिला आणि सांगितलं, ‘‘वाचून या, सोमवारी बोलू.’’ सोमवारी कुणी तोंड उघडेना. मी रागावले. तास संपल्यावर एका मुलीने आपली प्रत काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवली.

पहिल्या पानावर जवळजवळ प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलने बारीक मराठी अर्थ लिहिलेला होता. ‘मेकॅनिझम’वर यंत्रणा, ‘जेनेसिस’वर उत्पत्ती. ‘पॉम्पेई’ या शब्दावर प्रश्नचिन्ह होतं आणि तिथून पुढे पान कोरं. ‘‘हा शब्द डिक्शनरीत नाही मॅडम,’’ ती म्हणाली. रविवारची अख्खी दुपार तिने त्या पानाला दिली होती. शब्द सुटे सुटे कळले होते, पण निबंध कशाविषयी आहे हे विचारल्यावर तिला सांगता येईना. ती प्रत मी तिच्याकडून मागून घेतली आणि तिला नवी दिली.

तोवर मला वाटायचं, मराठी माध्यमातली मुलं, इंग्रजी कच्चं, म्हणून वाचत नाहीत. ती प्रत पाहिल्यावर लक्षात आलं की कष्टात ती कुठे कमी पडली नव्हती. कमी मी पडले होते. ज्या मजकुराचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे ठाऊक नाही, तो मी तिला एकटीला उचलायला लावला होता. तुम्ही यंदा नव्याने शिकवायला उभे राहणार असाल, तर वर्गात वाचन सुरू होण्याआधीच्या पंधरा मिनिटांबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

१९७२ साली ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. कपडे धुण्याची कृती त्यांनी मुद्दाम मोघम शब्दांत लिहिली आणि ती लोकांना ऐकवली. विषय काय आहे हे ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांना ती समजली आणि लक्षातही राहिली. ज्यांना ऐकून झाल्यावर विषय सांगितला, त्यांना त्या सांगण्याचा फायदा झाला नाही. एकही शब्द अवघड नसताना हे घडलं. माझ्या दृष्टीने या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे: तीच माहिती आधी मिळाली तर कामाला येते, मागून मिळाली तर वाया जाते. आपण बहुतेक जण मात्र ‘आधी वाचा, मग मी समजावते’ याच क्रमाने शिकवतो.

हा प्रयोग मी दरवर्षी मराठीत करून दाखवते. अर्ध्या वर्गाला विषयाची चिठ्ठी देते, अर्ध्याला देत नाही, आणि सगळ्यांना वाचून दाखवते: ‘सगळं एकदम घेऊ नये, एका वेळी पुरेल एवढंच घ्यावं. आधी तापवून घातलं तर पुढचं सोपं जातं. जोर सगळीकडे सारखा पडला पाहिजे, नाहीतर कड जाते. टाकल्यावर लगेच वरच्या बाजूने ओला हात फिरवावा. उलटायची घाई करू नये, पण उशीरही चालत नाही.’ मग आठवेल ते लिहायला सांगते. चिठ्ठीवर ‘भाकरी’ लिहिलेलं असतं. ती मिळालेली मुलं जवळजवळ सगळं क्रमाने लिहितात, न मिळालेली दोन-तीन ओळींवर थांबतात. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की मुलांना स्वतःबद्दलचा एक गैरसमज सोडता येतो. आपण मठ्ठ नाही, आपल्याला चिठ्ठी मिळाली नव्हती, एवढं त्यांना कळतं. वर्षभर पुढे जे करायचं त्याची परवानगी मला तिथे मिळते.

आता ही चिठ्ठी तयार कशी करायची? त्यासाठी आपण स्वतः तो मजकूर आदल्या दिवशी परत वाचावा लागतो, मग तो दहा वर्षं शिकवत असलात तरी. वाचताना एकच शोधायचं, की सगळा युक्तिवाद कुठल्या खुंटीवर टांगलेला आहे. ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधातली खुंटी अशी: आपल्याकडे ठरावीक गटाच्या बाहेरच लग्न करायचं, हा बहिर्विवाहाचा नियम जुना होता. त्यावर गटाच्या आतच लग्न करायचं, हा अंतर्विवाहाचा नियम चढवला गेला आणि त्यातून जात तयार झाली. हे जर मी फळ्यावर लिहून टाकलं, तर निबंध वाचायचं कारणच उरत नाही. म्हणून तिथवर पोहोचायला लागणारं जे मुलांच्या जवळ आधीच आहे, तेवढंच बाहेर काढायचं.

मी रविवारच्या पेपरातलं वधू-वर पान घेऊन जाते. चार-चार जणांत एक पान. फळ्यावर दोन रकाने असतात, ‘आतलंच हवं’ आणि ‘आतलं चालत नाही’. पहिला रकाना भराभर भरतो: जात, पोटजात, शहाण्णव कुळी. दुसऱ्यावर जरा वेळ शांतता असते, मग कुणीतरी म्हणतं, ‘‘गोत्र एक असलं तर जमत नाही.’’ लगेच दुसरीकडून, ‘‘आमच्याकडे देवक बघतात. दोघांचं कळंब असेल तर नाही करत.’’ भावकीतलं चालत नाही, हेही येतं. ‘जातीची अट नाही’ अशी जाहिरात कुणाला तरी सापडतेच आणि तीही मी फळ्यावर घेते. दहा मिनिटांत दोन्ही नियम मुलांच्या स्वतःच्या शब्दांत समोर येतात. मग त्या रकान्यांवर मी फक्त दोन शब्द लिहिते, अंतर्विवाह आणि बहिर्विवाह, आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द. हे शब्द कुणाला पाठ करावे लागत नाहीत, कारण वस्तू आधी आली आणि नाव मागून.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. सुरुवातीला मी पेपर न आणता थेट विचारलं होतं, ‘‘तुमच्या घरी लग्न ठरवताना काय बघतात?’’ मागच्या बाकावरचा एक मुलगा खाली मान घालून बसला आणि पुढचे दोन आठवडे माझ्या तासाला आला नाही. त्याच्या बहिणीने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं होतं, घरात बोलणं बंद होतं, हे मला नंतर कळलं. त्याची मी माफी मागितली, पण वर्गासमोर त्याला जे सोसावं लागलं ते माझ्या माफीने भरून आलं नाही. मुलांचं पूर्वज्ञान जागं करा असं प्रशिक्षणात सगळे सांगतात. ते ज्ञान कधीकधी जखमेला चिकटून असतं, हे फारसं कुणी सांगत नाही. जात, लग्न, कर्ज, आजारपण असे विषय असले की कुणाच्या घरात शिरायचं नाही. पेपर, जाहिरात, बातमी असं काहीतरी त्रयस्थ मधे ठेवायचं.

शब्दांचं म्हणाल तर पाच-सहाच्या वर देऊ नका. आणि अवघड शब्द निवडू नका, भार वाहणारे निवडा. या निबंधात सगळ्यात जास्त भार वाहणारा शब्द आहे ‘सरप्लस’. मुलांना त्याचा अर्थ माहीत असतो, जादा. तरीही ‘सरप्लस वूमन’ म्हणजे काय, हे कळत नाही, कारण तिथे मामला भाषेचा नसून हिशोबाचा आहे. त्यासाठी माझ्या कपाटात चिंचोक्यांचा एक डबा आहे. बाकावरच्या दोघादोघांना दहा चिंचोके आणि दहा खडे. चिंचोके बायका, खडे पुरुष. दहा जोड्या लावायच्या. नियम एकच, या बाकाबाहेर लग्न नाही. मग मी एक खडा उचलून घेते. ‘‘नवरा वारला. आता?’’

मुलं हळूहळू विचार करू लागतात. एक चिंचोका उरला. बाहेर दिला तर नियम मोडतो. आतल्याच खड्याबरोबर लावला तर दुसऱ्या एका चिंचोक्याचा जोडीदार जातो. मग उलटं करून बघतो, एक चिंचोका उचलला की एक खडा उरतो. ‘‘त्याच्यासाठी थांबावं लागेल मॅडम, पुढची मुलगी मोठी होईपर्यंत,’’ एकदा एक जण म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला. मी हो किंवा नाही म्हणत नाही. फळ्यावर एवढाच प्रश्न लिहिते: ‘उरलेल्या बाईचं आणि उरलेल्या पुरुषाचं हा समाज काय करेल? दोघांना नियम सारखाच लागेल का?’ हा प्रश्न हातात घेऊन मुलं वाचायला बसली की सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांवरची पानं त्यांना इंग्रजीचा धडा वाटत नाहीत. आपल्या बाकावर अर्धवट राहिलेल्या हिशोबाचं उत्तर ती तिथे शोधतात.

पॉम्पेईचं काम मात्र दोन मिनिटांचं आहे. मोबाइलवर एक फोटो दाखवायचा, इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलेलं इटलीतलं शहर म्हणून सांगायचं, आणि वेरूळला गाइड लेणी समजावतो तसं बाबासाहेब इथे स्वतःचं काम मांडताहेत, एवढं जोडून द्यायचं. हा निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. समोर बसलेल्यांना जात म्हणजे काय हे अनुभवाने ठाऊक नव्हतं, म्हणून सुरुवात इतकी लांबून आहे. तेव्हा बाबासाहेब पंचवीस वर्षांचे होते, हे मी नेहमी सांगते. वर्गातला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा मान वर करून बघतो.

नवख्या वाचकाची आणखी एक हमखास पडण्याची जागा आहे. सुरुवातीच्या पानांत सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर अशा जातीच्या चार अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या येतात. मुलं त्या चारही वहीत ‘आंबेडकरांची व्याख्या’ म्हणून उतरवून घेत. पुस्तकात छापलंय म्हणजे लेखकाचं मत, ही सवय शाळेपासूनची आहे. म्हणून मजकूर हातात दिल्या दिल्या, वाचायच्या आधी, पेन्सिल घेऊन फक्त माणसांची नावं शोधायला लावते आणि समासात खूण करायला सांगते, इथे दुसरा बोलतोय. ही पाच मिनिटांची खूण पुढचे दोन तास वाचवते. शास्त्रीय लेखन बरंचसं दुसऱ्यांच्या मतांशी केलेलं भांडण असतं. कोण कुणाशी भांडतंय हे दिसलं नाही तर सगळं सपाट होतं.

पाठ्यक्रमाच्या पुस्तकांत तुम्हाला तयार पद्धती भेटतील. रॉबिन्सन यांची १९४६ची चाळणे-प्रश्न-वाचन-आठवून सांगणे-उजळणी अशी पायऱ्यांची पद्धत, डोना ओगल यांचा १९८६चा ‘माहीत आहे, जाणून घ्यायचंय, कळलं’ हा तीन रकान्यांचा तक्ता. दोन्ही चांगल्या आहेत, वापरा. पण प्रत्येक मजकुराला सगळं लावू नका. मला विचाराल तर मोजकी उपशीर्षकं असलेल्या जुन्या निबंधाला चाळण्याची पायरी लंगडी पडते आणि नावांची खूण जास्त कामाला येते. आकडेवारीने भरलेला अहवाल असेल तर आधी फक्त तक्त्यांची शीर्षकं वाचायला लावा, तेवढंही पुरतं.

सगळ्यात मोठा मोह आहे तो सारांश सांगण्याचा. ४८ मिनिटांचा तास, अभ्यासक्रम मागे पडलेला, मुलं आपल्या तोंडाकडे बघताहेत. अशा वेळी ‘थोडक्यात सांगते’ म्हणून सुरू केलं की पूर्वतयारीचं व्याख्यान होतं आणि वाचन राहून जातं. मुलांना सारांश कुठेही मिळतो, झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्समध्ये, मोबाइलमध्ये. त्यांना हव्या असतात त्या दारापर्यंतच्या पायऱ्या. म्हणून मी घड्याळ लावते. पंधरा मिनिटं झाली की खडू खाली ठेवते. मग वर्गात मुकाट्याने दोन पानं वाचायची, मीही वाचते. भाषांतराचं अॅप वापरायला माझी बंदी नाही, पण फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर कुठे असेल त्या परिच्छेदाला बोट लावल्यानंतरच.

दिवाळीनंतर मी हात काढून घ्यायला लागते. शीर्षक आणि पहिला परिच्छेद देते, प्रश्न त्यांनी काढायचे. पहिले दोन आठवडे प्रश्न परीक्षेतल्यासारखे येतात, ‘जातीची वैशिष्ट्ये लिहा’. ते खोडायचे नाहीत. ‘याचं उत्तर तुला खरंच हवंय का?’ एवढं विचारायचं.

आणि जाता जाता एक कागद सांगते, कारण तो करायला सगळ्यात सोपा आहे. वाचनाआधी पाच विधानं द्यायची, समोर सहमत-असहमत. त्यातलं एक मी कायम ठेवते: ‘जातिव्यवस्था मनूने निर्माण केली.’ दरवर्षी जवळजवळ सगळा वर्ग सहमतवर खूण करतो, आणि तीही ठामपणे, कारण ते बाबासाहेबांचंच मत आहे अशी त्यांची खात्री असते. निबंधात तर ते म्हणतात की जात मनूच्या कितीतरी आधीपासून होती, त्याने तिला उचलून धरलं आणि तिचं तत्त्वज्ञान रचलं, पण कुणी एक माणूस असा कायदा समाजावर लादू शकत नाही. त्या परिच्छेदाशी आलं की वर्गात चुळबुळ सुरू होते, पानं मागेपुढे होतात, कुणीतरी शेजाऱ्याला कोपराने ढोसतं. मी कागद परत वाटते आणि खोडरबर वापरू देत नाही. जुनी खूण तशीच ठेवायची, तिच्यापुढे पान नंबर आणि ओळ लिहायची.

गेल्या वर्षी एका मुलीने पान नंबर लिहिला आणि खाली पेन्सिलने मराठीत एक ओळ घातली, ‘मग पहिल्यांदा दार कोणी लावून घेतलं?’ निबंधाची उरलेली पानं याच प्रश्नाची आहेत, हे मी तिला सांगितलं नाही. ती पान उलटून पुढे वाचत होती.