काळ्या मातीत जॅक रुततो? डिकीत फळी ठेवा

सोलापूरहून मंगळवेढ्याकडे किंवा बार्शीकडे जाताना टायर पंक्चर झाला आणि गाडी रस्त्याकडेला घेतली, की बहुतेक ठिकाणी खाली काळी माती. पाऊस पडून गेला असेल तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली रुततो आणि तिरका होऊन निसटतो. म्हणून फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड लाकडी फळी डिकीत कायम असू द्या. फरशीचा तुकडा नको, भाराखाली तडकतो. उन्हाळ्यात डांबर मऊ पडतं, तेव्हाही हीच फळी कामी येते.

१. सगळ्यांना उतरवा. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, पंक्चर चाकाच्या कर्णातल्या (तिरक्या समोरच्या) चाकाला दोन्हीकडून दगड लावा.
२. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा.
३. फळी सपाट बसवा, मधोमध जॅक ठेवा आणि गाडीखाली जॅकसाठी ठरवून दिलेल्या जागीच टेकवा.
४. स्टेपनी लावून समोरासमोरचे नट आवळा. गाडी खाली आल्यावर पुन्हा घट्ट करा.

गाडी वर असेपर्यंत स्टेपनी जॅकशेजारी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. स्टेपनी बसवताना तिच्या जागी काढलेलं चाक. जॅक निसटलाच तर गाडी त्यावर टेकते. तरीही गाडीखाली हात, पाय, डोकं अजिबात घालू नका.