कोलेस्टेरॉल वाढलेले असताना लिंबूवर्गीय फळांची साल कशी वापरावी

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेले असल्यास आहारात लिंबूवर्गीय फळांच्या सालीचा समावेश करता येतो. परंतु साल किसायला घेण्यापूर्वी आपण घेत असलेल्या औषधांची यादी पाहावी. ग्रेपफ्रूट, पपनस आणि कडू संत्रे यांच्या रसात व सालीत फ्युरानोकुमरिन गटातील द्रव्ये असतात आणि ती आतड्याच्या अस्तरातील सीवायपी ३ए४ हे औषधांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) निकामी करतात. शरीर नवे विकर तयार करेपर्यंत, म्हणजे एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ, सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि त्याखालोखाल अटोर्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी ‘स्टॅटिन’ गटातील औषधे अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात रक्तात उतरतात. त्यामुळे स्नायूंना इजा होऊ शकते, आणि क्वचित प्रसंगी मोडलेल्या स्नायूपेशींतील द्रव्यांमुळे मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. सकाळी फळ आणि रात्री गोळी अशी विभागणी येथे उपयोगाची नाही. हा परिणाम योगायोगानेच उजेडात आला: कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते, मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि १९८९ मध्ये या रसाचाच प्रभाव नोंदवला गेला. प्राव्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन या स्टॅटिनांच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही. तरीही निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

सालीसाठी गोड संत्रे किंवा मँडरिन (सैल सालीचे संत्रे) निवडावे. साल बोटांत दुमडली की जे बारीक तुषार उडतात ते बाहेरच्या रंगीत थरातील तेलाचे असून त्यात प्रामुख्याने लिमोनिन हे सुगंधी द्रव्य असते. नोबिलेटिन आणि टँजेरेटिन हे फ्लाव्होन (एक प्रकारची वनस्पतिजन्य द्रव्ये) याच थरात आढळतात. आतला पांढरा, स्पंजासारखा थर कडवट म्हणून बहुतेक जण खरवडून टाकतात. कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने तो टाकणे चुकीचे आहे, कारण पेक्टिन हा विरघळणारा तंतू आणि हेस्पेरिडिन हे वनस्पतिजन्य द्रव्य यांचा मोठा साठा तेथेच असतो. हेस्पेरिडिन पाण्यात फारच थोडे विरघळते. डबाबंद मँडरिनच्या पाकात कधीकधी दिसणारा पांढरा गढूळपणा त्याच्याच स्फटिकांचा असतो. म्हणूनच साल गरम पाण्यात बुडवून ते पाणी प्यायचे आणि साल फेकून द्यायची, या पद्धतीतून सुगंधापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. साल दोन्ही थरांसह बारीक किसून किंवा वाळवून दळून अन्नातच मिसळावी.

फळ टिकवण्यासाठी लावलेले मेण आणि इमाझॅलिल, थायाबेंडाझोल यांसारखी बुरशीनाशके मुख्यतः सालीवरच राहतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने ती कमी होतात, पण पूर्णपणे जात नाहीत. त्यामुळे फळ शक्यतो तोडणीनंतर अशी प्रक्रिया न केलेले घ्यावे.

आता अवयवांकडे वळू. सर्वांत भरवशाचा परिणाम आतडे आणि यकृत यांच्या जोडीवर होतो. पेक्टिनमुळे आतड्यातील द्रव दाट होतो, पित्ताम्ले (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते ती पचनद्रव्ये) त्यात अडकून शरीराबाहेर जातात, आणि ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, अधिक प्रमाणात उचलावे लागते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार रक्तातील कोलेस्टेरॉल सामान्य राखण्यास मदत होते असा दावा करायचा असेल, तर पेक्टिनचे दैनंदिन प्रमाण ६ ग्रॅम असावे लागते. संत्र्याच्या १०० ग्रॅम ताज्या सालीत सर्व प्रकारचे तंतू मिळून साधारण १०.६ ग्रॅम भरतात आणि पेक्टिन हा त्यांतील एक भाग आहे. चमचाभर किसातून ६ ग्रॅम पेक्टिन मिळणार नाही, हे यावरून सहज लक्षात येईल.

धमन्यांबाबतचे उत्साहवर्धक निष्कर्ष मुख्यतः प्राण्यांवरचे आहेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हॅमस्टरांच्या खाद्यात नोबिलेटिन-टँजेरेटिन गटातील द्रव्ये १ टक्का मिसळल्यावर एलडीएल व व्हीएलडीएल (रक्तातून चरबी वाहून नेणारा आणखी एक प्रकारचा कण) यांतील कोलेस्टेरॉलची एकत्रित पातळी ३२ ते ४० टक्क्यांनी घटली. २०११ मधील उंदरांवरच्या अभ्यासात नोबिलेटिनमुळे यकृतातील चरबी आणि धमन्यांच्या भिंतींतील साठे दोन्ही कमी झाले. माणसांत मात्र चित्र वेगळे दिसते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोलेस्टेरॉल मध्यम प्रमाणात वाढलेल्या स्त्री-पुरुषांनी चार आठवडे रोज ८०० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन किंवा ५०० मिलिग्रॅम नारिंजिन (लिंबूवर्गीय फळांतील तसेच एक द्रव्य) घेतले, तरी त्यांचे कोलेस्टेरॉल कमी झाले नाही. या द्रव्यांच्या महागड्या कॅप्सूलांवर खर्च करणे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

पित्ताशयातील कोलेस्टेरॉलचे खडे लिमोनिनने विरघळतात हे खरे आहे, पण त्या वैद्यकीय उपचारात लिमोनिन थेट पित्ताशयात सोडले जात असे. साल खाऊन तसे घडेल अशी आशा धरू नये. याउलट, लिमोनिनमुळे मूत्रपिंडात गाठी होतात ही भीतीही अनाठायी आहे. तो परिणाम नर उंदरांत, त्यांच्यातच आढळणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनामुळे होतो, आणि हे प्रथिन माणसांत नसते.

सुरुवात रोज अर्ध्या चमच्याने करावी आणि पोटफुगी होत नसल्यास आठवडाभराने ती एक-दोन चमच्यांपर्यंत वाढवावी. वाळलेली पूड कोरडी गिळू नये. ती ओलसर अन्नातून घ्यावी आणि वर भरपूर पाणी प्यावे. नोबिलेटिन मेदात विरघळत असल्याने थोडे तेल असलेल्या पदार्थात साल मिसळणे इष्ट. वापर सुरू करण्यापूर्वी लिपिड प्रोफाइल (रक्तातील कोलेस्टेरॉल व चरबीची तपासणी) करून घ्यावे आणि साधारण आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा करावे. या काळात औषधांची मात्रा, व्यायाम आणि उर्वरित आहार शक्यतो बदलू नये, अन्यथा आकड्यांतील फरक कशामुळे पडला हे कळणार नाही. अहवाल चांगला आला तरी स्टॅटिनची मात्रा स्वतःहून कमी करू नये. स्नायू विनाकारण दुखू लागले किंवा लघवीचा रंग गडद झाला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता साल थांबवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.