पुणे–नागपूर विमान: तिकिटावरची वेळ आणि घरापासूनची वेळ

लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते सोनेगाव (नागपूरचा) हे सरळ रेषेतलं अंतर साधारण 600 किलोमीटर. रस्त्याने तेच 700 च्या वर जातं. ताशी 800 च्या वेगाने हिशेब केला तर पाऊण तास पुरावा, मग तिकिटावर सव्वा ते दीड तास का लिहितात? कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढणं-उतरणं सगळं त्यात आलं. लोहगावची धावपट्टी मुळात हवाई दलाची, त्यामुळे थांबावं लागलं तर नवल नाही. कुठल्याही मार्गासाठी ढोबळ आडाखा असा: किलोमीटरला 800 ने भागा आणि वर अर्धा-पाऊण तास धरा.

खरा वेळ खाते ती जमिनीवरची वाट. संध्याकाळी स्वारगेटहून निघालात तर येरवड्याच्या गुंजन चौकात विमानापेक्षा जास्त वेळ गेला असं वाटू शकतं (आणि कधी कधी तो खरंच जातो). अशा वेळी मेट्रोने रामवाडी गाठा, तिथून रिक्षा करा.

सामान द्यायचं असेल तर देशांतर्गत काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या तासभर आधी बंद करतात, बोर्डिंग गेट 25 मिनिटं आधी. म्हणून सकाळी 9 चं विमान म्हणजे तुमच्यासाठी 8 चंच. नागपूरला पोहोचून 11 ची मीटिंग ठेवू नका, 12 ची ठेवा.