कॅम्परच्या खिडकीचा घड्यांचा पडदा एका बाजूने लोंबतोय? माझा अनुभव

लक्षण असं: पडदा वर नेला की डावी बाजू खाली घसरते. आतली दोरी तुटलेली. आमचा कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) मुंबईत उभा असतो. दोरीचं टोक कापसासारखं पिंजलं होतं.

आधी तुटलेल्या टोकांना गाठ मारली. ती घडीच्या भोकात अडकली. मग तंगूस ओवला. तो इतका गुळगुळीत की पडदा जागेवर थांबेचना. दोन रविवार वाया गेले, फार चिडचिड झाली.

शेवटी विणलेली, साधारण १ मिमी जाडीची पॉलिस्टरची दोरी चालली. आधी आतल्या दोरीचे फोटो काढा, हे विसरू नका. खिडकीखाली दोऱ्यांची टोकं धरणाऱ्या दोन्ही क्लिपांचे स्क्रू सोडवा, पडदा उतरवा, त्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांची टोपणं काढा. वरच्या पट्टीत बारीक स्प्रिंग असते. दोन नव्या दोऱ्या तिला बांधा, एकेक टोकाकडे न्या आणि घड्यांच्या भोकांतून खाली ओवा. दोरीचं टोक मेणबत्तीवर जरा वितळवून टोकदार केलं की सुईही लागत नाही. खालच्या पट्टीत दोऱ्यांची अदलाबदल करायची: डावी उजवीकडून बाहेर, उजवी डावीकडून. माझी चूक इथेच होत होती. ही फुली नसेल तर पडदा तिरका होणारच.

प्रत्येक दोरी खिडकीची उंची अधिक दीडपट रुंदी, वर वीतभर जास्त. ६० सेंमी रुंद, ५० सेंमी उंच खिडकीला १६० सेंमी लागली. पडदा परत लावून दोऱ्या क्लिपांना सारख्या ताणाने बांधा. पडदा अर्ध्यावर सोडून बघा; घसरला तर ताण थोडा वाढवा.